सहा ठिपके, आठ बिट

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ब्रेलसाठी २५६ चिन्हांचा सलग पट्टा राखून ठेवला आहे. १९९९ साली तिसऱ्या आवृत्तीत तो आला. त्यातल्या एकाही चिन्हाचं नाव 'क' किंवा 'म' नाही. नावं आहेत ती 'ठिपके १-३-४', 'ठिपके २-४-५-६' अशी. म्हणजे युनिकोड इथे अक्षर साठवत नाही, फक्त ठिपके साठवतं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

कारण त्याच ठिपक्यांचा अर्थ भाषेगणिक बदलतो. २-४-५-६ म्हणजे इंग्रजीत 'डब्ल्यू'. लुई ब्रेलच्या मूळ फ्रेंच वर्णमालेत हे अक्षर नव्हतंच, ते नंतर जोडलं गेलं. मराठीसाठी वापरल्या जाणाऱ्या भारती ब्रेलमध्ये तोच आकार 'ठ' होतो. ३-४-५ हा आकार इंग्रजीत 'ए' आणि 'आर' या जोडीचं संक्षिप्त रूप, तर मराठीत 'आ'.

आता यातलं गणित. सेलच्या, म्हणजे ठिपक्यांच्या एका चौकटीच्या, डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६ असे ठिपके असतात. प्रत्येकाला किंमत दिली आहे: १, २, ४, ८, १६, ३२. उठलेल्या ठिपक्यांच्या किमतींची बेरीज करायची आणि ती पट्ट्याच्या सुरुवातीच्या क्रमांकात, १०२४० मध्ये, मिळवायची. 'म' म्हणजे १-३-४, बेरीज १३, क्रमांक १०२५३. 'मराठी' या शब्दाचे पाच सेल होतात: १०२५३, १०२६३, १०२६८, १०२९८, १०२६०. कागदावर पडताळून पाहा, कुठलाही तक्ता पाठ करावा लागत नाही.

सहा ठिपक्यांचे ६४ आकार होतात, मग २५६ कुठून आले? संगणकाच्या एका बाइटमध्ये २५६ किमती मावतात. प्रत्येकीला स्वतंत्र आकार मिळावा म्हणून सेलच्या तळाशी ७ आणि ८ हे ठिपके जोडले गेले. ते मागाहून आले, म्हणून त्यांचे क्रमांक आणि किमतीही (६४ आणि १२८) शेवटी. त्यामुळे पट्ट्यातली पहिली ६४ चिन्हं म्हणजे जुनं सहा ठिपक्यांचं ब्रेल, जसंच्या तसं.

ब्रेल छापणारी यंत्रं मात्र अजूनही युनिकोडच्या आधीची एक पद्धत सर्रास वापरतात. त्यात ६४ आकारांसाठी कीबोर्डवरचीच ६४ साधी चिन्हं घेतली आहेत. अशी फाइल डोळ्यांनी वाचायला गेलं तर 'मराठी'च्या जागी रोमन एम, आर, मग 'पेक्षा मोठे'चं चिन्ह, डब्ल्यू आणि ९ दिसतात. फाइल बिघडलेली नसते, कागदावर ठिपके बरोबर उठतात.

पण अंध वाचकाला मराठी मजकूर पाठवताना यातलं काहीच करायचं नसतं. मजकूर साध्या देवनागरीत ठेवायचा. त्याचं ब्रेल वाचकाच्या बाजूला, स्क्रीन रीडरमध्ये, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये देणाऱ्या प्रणालीत होतं. लिब्लुई नावाची मुक्त प्रणाली हे काम करते आणि तिच्यात मराठीचा तक्ता आहे. तो तक्ता नुसती अदलाबदल करत नाही. 'पुस्तक' घ्या: युनिकोडमध्ये हलन्ताचं चिन्ह 'स'नंतर येतं, भारती ब्रेलमध्ये ते 'स'च्या आधी लागतं, चौथ्या ठिपक्याच्या रूपात. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना तर स्वतःचे वेगळे सेल आहेत. एवढं झालं की ब्रेल डिस्प्लेवरच्या बारीक पिना वर येतात आणि बोट वाचू लागतं.

हे सगळं कोलमडतं ते जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमुळे. अशा फॉन्टमधलं मराठी पान दिसायला देवनागरी असतं, आत मात्र रोमन अक्षरांचे क्रमांक असतात. स्क्रीन रीडरला तेच मिळतात आणि तो इमानाने त्यांचंच ब्रेल करतो. बोटाखाली येतो तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग. त्यामुळे जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, मगच त्याचं मराठी ब्रेल होऊ शकतं.