परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंदणी, पासपोर्ट आणि ओसीआय : सातारा-सांगलीच्या कुटुंबांसाठी माहिती

नोकरीसाठी दुबई, म्युनिक, डॅलसला गेलेल्या आपल्याकडच्या जोडप्यांचं पहिलं बाळ हल्ली बरेचदा तिकडंच होतं. इकडं कराडात नाहीतर तासगावात आजी कुंचीचं कापड आणून ठेवते आणि फोनवर एकच विचारते, "घेऊन कधी येताय?" या प्रश्नाचं उत्तर विमानाच्या तिकिटापेक्षा कागदपत्रांवर जास्त अवलंबून असतं. आई-वडिलांच्या पासपोर्टवर लेकरांची नावं चढवायची पद्धत कधीच बंद झाली. चार आठवड्यांच्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो.

आई-वडील दोघंही भारतीय, म्हणजे बाळ आपोआप भारतीय, असं बहुतेकजण धरून चालतात. हे अर्धंच खरं आहे.

कायदा काय म्हणतो

नागरिकत्व कायदा १९५५, कलम ४. परदेशात जन्मलेल्या बाळाला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळतं, पण ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांसाठी एक अट आहे. जन्मापासून एका वर्षाच्या आत त्या देशातल्या भारतीय वकिलातीत जन्माची नोंद झाली पाहिजे. तिथल्या नगरपालिकेचा किंवा हॉस्पिटलचा दाखला म्हणजे ही नोंद नव्हे. आई किंवा वडील, दोघांपैकी एकजण जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असला तरी पुरतं. बाळाकडे दुसऱ्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट नाही, असं पालकांनी लिहून द्यायचं असतं.

वर्ष उलटलं तर दार बंद होत नाही, पण केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणजे प्रकरण वकिलातीतून दिल्लीला गृह मंत्रालयाकडे जातं, उशीर का झाला याचा खुलासा द्यावा लागतो आणि वाट बघणं आपल्या हातात राहत नाही. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक नंतर ठरवा, नोंदणीची तारीख आधी कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

तुमचं बाळ कोणत्या गटात बसतं

यूएईत जन्मल्याने तिथलं नागरिकत्व मिळत नाही. बाळ भारतीयच, आणि जन्मापासून १२० दिवसांत त्याचा रहिवासी व्हिसा काढावा लागतो, नाहीतर दंड सुरू होतो. व्हिसाला पासपोर्ट लागतो, म्हणून आखातात पासपोर्टची घाई खरी असते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून नुसत्या जन्मावर नागरिकत्व नाही. आई किंवा वडील ब्रिटिश असावे लागतात किंवा तिथे कायमचे स्थायिक. जर्मनीत जून २०२४ पासून, पालकांपैकी एकजण पाच वर्षं कायदेशीर राहत असेल आणि त्याच्याकडे कायमचा रहिवास परवाना असेल, तर बाळ जन्मतः जर्मन ठरतं. कॅनडात जन्मलं की सहसा नागरिक. अमेरिकेतही चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे तसंच चालत आलं. जानेवारी २०२५ मध्ये तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांच्या बाळांबाबत वेगळा आदेश निघाला आणि तो वाद कोर्टात गेला. तिथं राहणाऱ्यांनी ताजी स्थिती बघूनच पाऊल टाकावं.

ज्यांच्या बाळाला तिकडचं नागरिकत्व मिळत नाही त्यांना वकिलातीतली नोंदणी आणि भारतीय पासपोर्ट हाच रस्ता. ज्यांच्या बाळाला मिळतं त्यांनी कोणता पासपोर्ट घ्यायचा ते ठरवायचं असतं. दोन्ही पासपोर्ट एकाच वेळी चालत नाहीत.

गावातून आधी न्यायचे कागद

खरी अडचण इथं येते. बाळाचे कागद आई-वडिलांच्या कागदांवर उभे असतात, आणि ते कागद साताऱ्यात नाहीतर सांगलीत तयार होतात.

पहिला कागद विवाह नोंदणी दाखल्याचा. लग्नाला हजार माणूस जेवून गेलं, व्हिडिओ आहे, पत्रिका आहे, पण नोंदणी राहिलेली, अशी घरं कमी नाहीत. दाखला ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत मिळतो. नवरा-बायको समक्ष, सोबत तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही, लग्नपत्रिका, फोटो, दोघांचे वयाचे आणि रहिवासाचे पुरावे. तिकडून दोघांनी तेवढ्यासाठी रजा काढून येण्यापेक्षा लग्नानंतर, व्हिसाच्या आधी, हे काम उरकावं. दाखल्याच्या दोन-तीन मूळ प्रती घेतलेल्या बऱ्या.

दाखला हातात आला की सही-शिक्का बघण्याआधी स्पेलिंग बघा. जाधव या आडनावाच्या शेवटी पासपोर्टवर व्ही आणि दाखल्यावर डब्ल्यू, हे आपल्याकडं इतकं सर्रास चालतं की कुणाला खटकतही नाही. परदेशातल्या खिडकीपलीकडच्या माणसाला मात्र ते दोन वेगळे माणूस वाटतात. तसंच वडिलांचं नाव एका ठिकाणी "बाबुराव" आणि दुसरीकडं नुसतं "बाबू", किंवा नवऱ्याचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि घरात रुळलेलं दुसरंच पत्रिकेवर. ही दुरुस्ती ग्रामपंचायतीत समक्ष एका अर्जावर होण्यासारखी असते; परदेशातून करायची म्हटली की कुणाला तरी अधिकारपत्र द्या, त्यानं खेटे घाला, असा पसारा होतो.

बायकोनं आडनाव बदललंच पाहिजे असं काही नाही. माहेरच्या आडनावाचा पासपोर्ट असला तरी बाळाचा पासपोर्ट निघतो. महत्त्वाचं हे की दोघांच्या पासपोर्टवर जोडीदाराचं नाव असावं. लग्नाआधी काढलेल्या पासपोर्टवर ती जागा रिकामी असते. दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. इथं असतानाच पासपोर्ट पुन्हा काढून ते नाव घालून घेतलं तर बाळाच्या अर्जाच्या वेळी एक प्रश्न कमी होतो.

आखातात जाणाऱ्यांनी विवाह दाखल्याचं साक्षांकनही करून न्यावं. अपोस्टिल म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारा साक्षांकनाचा एकच शिक्का. यूएई त्या करारात नाही, त्यामुळे तिथं साखळी लांब आहे: मुंबईला मंत्रालयात राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात, आणि तिथं पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय. अपोस्टिल चालणाऱ्या देशांसाठी राज्याच्या साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल लागतो. सरकारी फी ५० रुपये, एजंटाची फी ज्याची त्याची.

नाव : बारशाच्या आधी

आपल्याकडं नावाला घाई नसते. पत्रिका काढायची, अक्षर बघायचं, बाराव्या दिवशी आत्यानं कानात सांगायचं. भारतातल्या जन्मनोंदीतही नाव नंतर घालता येतं. पहिल्या वर्षात फीशिवाय, पुढे १५ वर्षांपर्यंत फी भरून. परदेशात बऱ्याच हॉस्पिटलांत घरी सोडण्याआधीच नावाचा फॉर्म समोर येतो. इंग्लंडमध्ये जन्मनोंदणीला ४२ दिवस मिळतात, जर्मनीत जन्म कळवायला आठवडाच असतो. म्हणून आत्याला व्हिडिओ कॉलवर आधीच विश्वासात घ्या. बारसं मग थाटात करा, त्याला कुणाची हरकत नाही.

मधलं नाव हा आणखी एक घोळ. आपल्या पद्धतीत बाळ, वडील, आडनाव अशी तीन नावं. भारतीय पासपोर्टवर रकाने दोनच, दिलेलं नाव आणि आडनाव. वडिलांचं नाव बाळाच्या नावात हवं असेल तर ते तिकडच्या जन्मदाखल्यावरच "दिलेलं नाव" या रकान्यात घालून घ्या. दाखल्यावर नुसतं "आरव पाटील" आणि पासपोर्टच्या अर्जात "आरव सचिन पाटील" असं लिहिलं की अर्ज परत. दाखल्यावर आई-वडील दोघांचीही नावं असली पाहिजेत. अमेरिकेत त्यासाठी सविस्तर नमुन्यातला दाखला मागून घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष अर्ज

जन्मनोंदणीचा अर्ज गृह मंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या पोर्टलवर, कलम ४(१) खाली, ऑनलाइन भरायचा आणि प्रिंट वकिलातीत द्यायची. पासपोर्टचा अर्ज परदेशातल्या वकिलातींसाठीच्या पासपोर्ट सेवा पोर्टलवर. अनेक ठिकाणी दोन्ही एकाच भेटीत घेतात, आणि पुष्कळ देशांत कागद वकिलातीत न देता तिनं नेमलेल्या केंद्रात द्यावे लागतात. सोबत लागतं ते असं: तिकडचा मूळ जन्मदाखला, दुसऱ्या भाषेत असेल तर भाषांतरासह, दोघांचे पासपोर्ट आणि रहिवास परवाने, विवाह दाखला, दुसरा पासपोर्ट नसल्याचं प्रतिज्ञापत्र, अज्ञान बालकासाठी दोन्ही पालकांच्या सहीचं घोषणापत्र, म्हणजे परिशिष्ट डी. फी आणि जादा कागद देशागणिक बदलतात, त्यासाठी त्या वकिलातीची यादीच प्रमाण.

फोटोला कमी लेखू नका. पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, चेहरा समोर, आणि धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. बाळाला पांढऱ्या चादरीवर उताणं निजवून, पोट भरल्यावर आणि झोप येण्याआधी जो काही वेळ मिळतो त्यात, वरून फोटो काढायचा. तीट लावू नका. सहीच्या जागी अंगठा: मुलाचा डावा, मुलीचा उजवा. इवल्या मुठीतून अंगठा सोडवून, शाईच्या पॅडवर हलका टेकवून, चौकटीच्या रेघेला न लागता उमटवायचा, हे दोन माणसांचं काम आहे. फॉर्मच्या दोन प्रिंट जास्त काढून ठेवा.

कायमचा पत्ता म्हणून गावचं घर देता येतं. मु. पो., तालुका, जिल्हा, पिन कोड, जसा पालकांच्या पासपोर्टवर आहे तसाच. बाळाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो.

पासपोर्ट हातात येण्याआधी भारतात यावंच लागलं, म्हणजे घरात काही बरं-वाईट झालं, तर वकिलात आपत्कालीन प्रमाणपत्र देते. ते फक्त भारतात येण्यापुरतं असतं, परत जायला चालत नाही.

बाळंतपण माहेरी केलं तर

हा पर्याय अजूनही चांगला आहे. २१ दिवसांत जन्मनोंद, आणि बाळ भारतात जन्मलेलं, आई-वडील भारतीय, म्हणजे कलम ४ ची भानगडच नाही. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. वडील परदेशात असतील तर त्यांनी तिथल्या वकिलातीत साक्षांकित केलेलं परिशिष्ट डी पाठवायचं, आईनं इथं आपलं द्यायचं. अज्ञान बालकाच्या नव्या पासपोर्टची फी १,००० रुपये, आठ वर्षांच्या आतल्याला दहा टक्के सूट. मात्र विमान कंपन्या सातव्या महिन्यानंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि नवव्या महिन्यात बसवून घेत नाहीत, ते आधी विचारा.

बाळ परदेशी नागरिक असेल तर : ओसीआय

तिकडचा पासपोर्ट काढला, तर भारतात ये-जा करायला ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं "ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया" कार्ड. पालकांपैकी एक जरी भारतीय असला तरी अज्ञान बालक पात्र. परदेशातून अर्ज केल्यास फी २७५ डॉलर, भारतातून १५,००० रुपये. कार्ड आयुष्यभराचं, वीस वर्षांपर्यंत दरवेळी नवा पासपोर्ट निघाला की तीन महिन्यांत तो आणि नवा फोटो पोर्टलवर चढवायचा.

निर्णय घेताना आपल्या भागातल्या माणसांनी दोन गोष्टी आजोबांसमोर बसून बोलाव्यात. पहिली, जमीन. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसानं मिळू शकते. तेव्हा "नातवाच्या नावावर दोन एकर द्राक्षबाग करतो" म्हणून बक्षीसपत्राला निघालेल्या आजोबांना आधी वकिलाकडे न्या. भारतीय पासपोर्टवाल्या मुलालाही परदेशात राहत असेपर्यंत शेतजमीन खरेदी करता येत नाही, पण तो परत राहायला आला की ती अट सुटते. मग उरते ती कूळकायद्याची, म्हणजे शेतकरी असल्याच्या पुराव्याची. दुसरी गोष्ट शिक्षण. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय मुलांना नीट-जेईई देता येते, पण प्रवेश एनआरआय जागांवर, फक्त भारतीयांसाठी राखलेल्या जागांवर नाही. पोराला पुढं कृष्णेकाठी मेडिकल करायचंय असं ज्यांच्या मनात आहे त्यांनी हे विसरू नये. मतदानाचा हक्कही नसतो.

ज्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व आहे आणि दुसऱ्या देशाचंही जन्मतः आहे, त्यानं अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत दुसरं सोडलं नाही तर भारतीय नागरिकत्व आपोआप जातं.

कायमचे परत आलात तर

वकिलातीत नोंद राहिली आणि कुटुंब स्थायिक व्हायला गावी आलं, तर जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चं कलम २०(२) उपयोगी पडतं: बाळ भारतात पोचल्यापासून ६० दिवसांत स्थानिक निबंधकाकडे जन्म नोंदवता येतो, जणू इथंच जन्मला. "जन्म इथं झालेला नाही, आम्ही कसा नोंदवू" असं ऐकायची तयारी ठेवा आणि कलमाची प्रत खिशात ठेवा, शांतपणे पुढं करायची. ६० दिवसांनंतर उशिराच्या नोंदणीचे नियम लागतात. ही नोंद जन्माची आहे, तिच्यानं नागरिकत्वाचा प्रश्न मिटतोच असं नाही; वर्षाची मुदत गेली असेल तर गृह मंत्रालयाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

भारतीय पासपोर्ट असलेल्या बाळाचं आधार सुट्टीवर आलं तरी काढता येतं. ओळखीचा पुरावा म्हणून बाळाचा स्वतःचा पासपोर्ट लागतो. ओसीआय बाळाला मात्र आधी भारतात १८२ दिवस राहिलेलं असावं लागतं.