घुमट घरीच राहिलं?

चवथीला पंधरा दिवस असताना फोंड्याजवळच्या एका घरात आमच्या पथकाचं रेकॉर्डिंग झालं. पाच घुमट आरत्या (घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने म्हटलेल्या), दोन अभंग. मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांचा मेळ बसवणं, माझ्याकडे, म्हणजे माझ्या टॅबकडे. रोज रात्री जेवणं झाली की एक गाणं उरकायचं. सगळी तयार झाल्यावर गाडीत लावली, तर पहिल्या आरतीला आवाज वाढवावा लागला आणि अभंग सुरू होताच पेटी कानात घुसली. मागच्या सीटवरून काका म्हणाले, "घुमट घरीच ठेवून आलो होतो का रे आपण?"

टॅबवरचं आवाजाचं मीटर बघावं तर आरतीच वरचढ. तिचं शिखर उणे १ डेसिबलवर, अभंगाचं उणे ६ वर. डिजिटल आवाजात शून्य म्हणजे छप्पर. त्याच्या वरचा आकडाच नाही, म्हणून लाटेचं डोकं सपाट कापलं जातं आणि आवाज फाटतो. छपराखालचं सगळं उणे मोजायचं. ६ डेसिबल कमी म्हणजे लाटेची उंची निम्मी. म्हणजे जवळजवळ निम्म्या उंचीचा अभंग आरतीपेक्षा मोठा वाटत होता.

दोष घुमटाच्या थापेत होता, दोष म्हणायचा तर. मातीच्या भांड्यावर ताणलेलं कातडं (पूर्वी घोरपडीचं, आता बकऱ्याचं) थाप पडताच उसळी घेतं आणि लाट लगेच ओसरते. मीटर ती उसळी टिपतं. कान मात्र एवढ्याशा क्षणावरून आवाज मोठा की लहान हे ठरवत नाही, तो थोड्या वेळाची गोळाबेरीज करतो. पेटीचा भाता चालू आहे तोवर सूर भरलेलाच, त्यामुळे शिखर खाली असूनही तिची बेरीज मोठी.

ही बेरीज मोजायचं माप म्हणजे एलयूएफएस. स्टुडिओवाले नुसतं 'लफ्स' म्हणतात. मोजण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये ठरवली. कानाला जे स्वर जास्त टोचतात त्यांना जास्त वजन, खर्जाला कमी, आणि २०११ च्या सुधारणेपासून मधली शांतताही हिशेबातून वजा. युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये उणे २३ ही पातळी धरली. स्पॉटिफाय गाणी उणे १४ च्या आसपास आणतं. टॅबवर असं मीटर टाकून मोजलं : आरती उणे २१, अभंग उणे १५. काकांचा कान बरोबर होता.

पण पाचही आरत्या एकसारख्या बसवल्या तरी त्यांच्यातलं घुमट वेगवेगळं कसं? हा घोळ माझा. पावसाची रात्र असली की कौलांवरच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी टॅबचं बटण दाबून आवाज चढवायचो. पाऊस थांबला, घरचे झोपले की उतरवायचो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं, की आवाज हळू असला की कानाला खर्ज सगळ्यात कमी ऐकू येतो. म्हणजे शांत रात्री घुमट दबलेलं वाटलं म्हणून मी त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर ढकलला, आणि पावसाच्या रात्री तेच घुमट दणदणीत वाटलं म्हणून खाली ओढला.

आता टॅबचं बटण एका ठरलेल्या खुणेवर असतं, मिक्सिंग संपेपर्यंत त्याला हात नाही. पाऊस आला तर काम बंद. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एकच ओळखीचं गाणं त्याच पातळीवर दोन मिनिटं ऐकतो, कान ठिकाणावर येतो.

उरला प्रश्न आरती आणि अभंगातल्या ६ डेसिबलचा. आरती वर न्यावी तर शिखर छपराला धडकणार. लिमिटर लावून थापा चेपता येतात, पण चेपलेलं घुमट म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखं. मला ते पटलं नाही. म्हणून अभंग ६ ने खाली आणले. ऐकणाऱ्याने गाडीत आवाज एकदाच वाढवावा, मग सात गाणी संपेपर्यंत हात लावू नये.

काकांना पुन्हा ऐकवलं. दुसऱ्या आरतीत घुमट "अजून जरासं" हवं म्हणाले. मी २ डेसिबल वाढवले. लफ्सचा आकडा जेमतेम हलला. काकांनी मात्र मांडीवर ठेका धरला.