हलक्या होडीसाठी कोणतं लाकूड?

नागपूरच्या लकडगंजात जाऊन होडीसाठी लाकूड हवंय म्हटलं, की दुकानदार विचारही न करता सागवानाकडे बोट दाखवतो. "पाण्यात जायचं ना भाऊ? मग सागवानच घ्या." त्याचं चुकत नाही. दिल्लीच्या नव्या संसद भवनाचं सागवान नागपूरहून गेलं. हे लाकूड कुजत नाही, त्याला वाळवी सहजी लागत नाही, आणि जहाजांच्या डेकसाठी ते जगभर नावाजलेलं आहे. पण मला हवी होती पट्ट्यांची कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी. रामटेकजवळ खिंडसी तलावाच्या काठी गाडीवरून एकट्याने उतरवता येईल आणि खांद्यावर घेऊन पाण्यापर्यंत नेता येईल, अशी. तिच्या कवचाला सागवान चालत नाही. का चालत नाही, ते समजून घ्यायला मजा येते.

ही होडी अशी बनते. साच्यांच्या रांगेवर 6 मिलिमीटर जाड आणि 20 मिलिमीटर रुंद लांबच लांब पट्ट्या एकमेकींना चिकटवत जायच्या. मग आतून-बाहेरून काचेच्या धाग्यांचं कापड इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या रासायनिक गोंदाने, बसवायचं. 16 फुटी कॅनूच्या कवचाचं क्षेत्रफळ साधारण साडेपाच चौरस मीटर धरलं, तर लाकूड लागतं 0.033 घनमीटर, म्हणजे सव्वा घनफुटाच्या आत. आता वजन मांडू. साल वृक्षाचं लाकूड घनमीटरला 850 किलोच्या आसपास भरतं, म्हणजे कवच 28 किलोचं. सागवान 650, म्हणजे 21 किलो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा वेस्टर्न रेड सीडर 370, म्हणजे फक्त 12 किलो. कापड आणि इपॉक्सी मिळून आणखी पाच-सहा किलो, ते सगळ्यांनाच सारखे.

एका लाकडात आणि दुसऱ्यात एवढा फरक कशाने पडतो? लाकूड ज्या पदार्थाचं बनतं, त्या पेशीभित्तीची घनता जवळजवळ सगळ्या झाडांत सारखीच असते, घनमीटरला सुमारे 1500 किलो. फरक असतो तो पोकळीचा. सुक्या सीडरमध्ये तीन चतुर्थांश जागा हवेची असते. सागवानात ती निम्म्याहून थोडीच जास्त.

मग हलकं लाकूड कमजोर नाही का पडणार? एकटं असतं तर पडलं असतं. पण इथे ताण झेलतं ते दोन्ही बाजूंचं कापड. मधल्या लाकडाचं काम त्या दोन कातड्यांना एकमेकींपासून लांब धरून ठेवण्याचं. रेल्वेच्या रुळाचं माथं आणि पाया जाड, मधली पट्टी बारीक, तसंच हे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो: जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. 6 मिलिमीटर सीडरच्या वजनात सागवान बसवायचं, तर ते साडेतीन मिलिमीटरच उरतं. सागवान जातीने सीडरपेक्षा ताठ असूनही ती पातळ फळी सीडरच्या एक तृतीयांश ताठपणाच देते. शिवाय सागवानाच्या अंगात तेल असतं. चिकटवण्याआधी ते अ‍ॅसिटोनने पुसावं लागतं, नाहीतर इपॉक्सी नीट धरत नाही.

वेस्टर्न रेड सीडर आपल्याकडे उगवत नाही. देवदार हा खरा सीडर, पण तो घनमीटरला 550 किलोच्या घरात जातो. विदर्भात पर्याय दोन झाडांचे: काटेसावर आणि शिवण. काटेसावर सीडरइतकीच हलकी आहे, पण तोडल्यावर लगेच चिरून सुकवली नाही तर तिला बुरशी धरते, आणि ओल मिळाली की ती लवकर कुजते. शिवण जड आहे, 480 च्या आसपास. कवच 16 किलोचं होतं. पण एकदा सुकली की शिवण फारशी फुगत-आकसत नाही, आणि माझ्या मते नागपूरसाठी हा गुण चार किलोंपेक्षा मोलाचा आहे.

आपल्या मे महिन्यात उघड्यावरच्या लाकडात 5-6 टक्केच ओल उरते, आणि ऑगस्टमध्ये तीच 15 च्या वर जाते. सीडरसारख्या लाकडाची 20 मिलिमीटरची पट्टी एवढ्या फरकाने 0.3 मिलिमीटर फुगते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एका बाजूच्या 35 पट्ट्यांचं मिळून सेंटिमीटरभर होतं. इपॉक्सी ओल थांबवत नाही, तिचा वेग कमी करते. म्हणून पट्ट्या उन्हाळ्यात सुकवून पावसाच्या आधीच होडीला कापड चढवून टाकावं.

दुकानात स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन जा. तुकड्याची लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा, आणि ग्रॅममधलं वजन त्या गुणाकाराने भागा. उत्तर 0.5 च्या, म्हणजे घनमीटरला 500 किलोच्या, वर आलं तर दुसरी फळी बघा. लाकडाच्या धाग्यांची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हवी, कारण रेषा तिरकी गेली की पट्टी वाकवताना तिथेच मोडते. गाठ तर नकोच. आणि दुप्पट लाकूड घ्या: 6 मिलिमीटरची पट्टी काढताना करवतीच्या पात्यातच दोन-तीन मिलिमीटर भुसा होऊन जातो, रंध्याखाली आणखी थोडं.

दुकानदाराचं सागवानही मी थोडं घेतलंच. होडीचा काठ वल्ह्याने सतत घासला जातो, आणि उचलताना हातही तिथेच पडतो. तिथे कापड नाही, लाकूड उघडंच राहतं. दोन्ही काठांना आतून-बाहेरून सागवानाची बोटभर पट्टी लावली, तर वजन अडीच किलोंच्या आसपास वाढतं.