विमानातली कोरडी हवा आणि त्वचेचा सर्वांत वरचा थर

जुलै महिन्यात मुंबईच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असते. अशा दमट रात्री अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे निघालेला प्रवासी तासा-दोन तासांत ज्या हवेत जाऊन बसतो, तिची आर्द्रता साधारणतः १० ते २० टक्के, कधी त्याहूनही कमी असते, आणि पुढचे पंधरा-सोळा तास त्याला तिच्यातच काढायचे असतात. ओठ ओढल्यासारखे होतात, हातांची मागची बाजू खरखरीत लागते, नडग्यांना खाज सुटते. यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे भरपूर पाणी पिण्याचा. त्वचेपुरता विचार केला तर हा सल्ला फारसा उपयोगाचा नाही. तो का नाही, हे कळण्यासाठी विमानातली हवा येते कुठून इथपासून सुरुवात करावी लागेल.

सुमारे ३५,००० फुटांवर बाहेरचे तापमान उणे ५५ अंश सेल्सियसच्या आसपास असते. इतक्या थंड हवेत पाण्याची वाफ जवळजवळ टिकतच नाही. ही हवा आत घेऊन, दाबून आणि योग्य तापमानाला आणून केबिनमध्ये सोडली, तरी तिच्या एका घनमीटरमध्ये ०.१ ग्रॅमपेक्षाही कमी वाफ असते. २३ अंश तापमानाला संपृक्त, म्हणजे मावेल तितकी वाफ सामावलेल्या हवेत मात्र हेच प्रमाण सुमारे २० ग्रॅम असते. याचा अर्थ असा की केबिनमध्ये जी काही थोडीफार आर्द्रता असते, ती जवळजवळ सगळी प्रवाशांच्या श्वासातून आणि त्वचेतून आलेली असते. त्यातून एक गमतीदार निष्कर्ष निघतो. जिथे माणसे दाटीने बसलेली असतात तिथे हवा थोडी कमी कोरडी असते, आणि चौपट पैसे मोजून ऐसपैस बसणाऱ्यांच्या वर्गात ती अधिक कोरडी असते.

मग विमान कंपन्या हवेत पाणी का मिसळत नाहीत? एक तर लांबच्या उड्डाणाला पुरेल इतके पाणी वाहून नेणे इंधनाच्या दृष्टीने महाग पडते. दुसरे आणि अधिक गंभीर कारण म्हणजे ही वाफ विमानाच्या थंडगार धातूच्या कवचाला आतून चिकटून तिचे पाणी होते, ते उष्णतारोधक आवरणात मुरते, आणि त्यातून गंज व बुरशी यांना वाव मिळतो. बोइंग ७८७ सारख्या विमानांचे कवच प्रामुख्याने कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याचे असल्यामुळे तिथे हे बंधन थोडे सैल होते. अशा विमानांत आर्द्रता काहीशी अधिक ठेवता येते, आणि हवेचा दाबही ८,००० ऐवजी ६,००० फुटांवरच्या दाबाइतका राखता येतो. तरीही त्या हवेला दमट म्हणावे अशी परिस्थिती तिथेही नसते.

आता त्वचेकडे वळू. बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे १० ते २० मायक्रोमीटर इतकीच असते. शास्त्रज्ञ त्याचे वर्णन विटांच्या भिंतीसारखे करतात. विटा म्हणजे केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या पेशी, आणि त्यांना सांधणारा चुना म्हणजे सिरॅमाइड नावाचे स्निग्ध पदार्थ, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे मिश्रण. पेशींच्या आत पाणी धरून ठेवणारे छोटे रेणूही असतात. त्यांतले बरेचसे फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या विघटनातून तयार होतात. ज्यांच्यात या प्रथिनाचे जनुक सदोष असते त्यांची त्वचा जन्मतःच कोरडी राहते आणि त्यांना एक्झिमा होण्याची शक्यता वाढते, हे २००६ साली स्पष्ट झाले. अशा लोकांना विमानातला कोरडेपणा इतरांपेक्षा अधिक जाचतो, यात नवल नाही.

हा मृत थर मऊ आणि लवचीक राहतो तो कशामुळे? तेलामुळे, असे पूर्वी सर्रास मानले जाई. अमेरिकन संशोधक अर्विन ब्लँक यांनी १९५२ साली या समजाला धक्का दिला. घट्ट्यांच्या वाळलेल्या कातडीचे तुकडे तेलात कितीही बुडवून ठेवले तरी ते ठिसूळच राहिले, पण पाणी मिळताच ते मऊ पडले. या थरातले पाणी सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेले की तो कडक होतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि त्याचे पापुद्रे निघू लागतात. केबिनमध्ये नेमके हेच घडते. थराच्या वरच्या पृष्ठभागावरचे पाणी हवेत उडून जाते आणि खालच्या जिवंत पेशींकडून येणारे पाणी तितक्या वेगाने वर पोचत नाही.

भरपूर पाणी पिण्याचा सल्ला इथेच फसतो. विमानप्रवासात शरीर आतून कोरडे पडते ही समजूत अतिशय पक्की आहे, पण हिशेब तिच्या बाजूने नाही. हवा पूर्णपणे कोरडी धरली, तरी आठ तासांत नेहमीपेक्षा सुमारे १०० मिलिलिटरच पाणी जास्त जाते, असे गणिताने दिसते. म्हणजे अर्धा पेला. नाकातोंडाचे अस्तर सुकल्यामुळे तहान जाणवते, त्यामुळे शरीरातले पाणी फार घटल्यासारखे वाटते. ज्याच्या शरीरात पाणी पुरेसे आहे त्याने आणखी दोन बाटल्या प्यायल्याने ते पाणी त्वचेच्या मृत थरात जाऊन साठत नाही, ते लघवीवाटे बाहेर पडते. अर्थात पाणी पिऊ नये असा याचा अर्थ मुळीच नाही. उलट, शेजारच्याला उठवून प्रसाधनगृहात जावे लागेल या संकोचाने पाणी टाळणारे ज्येष्ठ नागरिक प्रत्येक लांबच्या विमानात असतात, आणि त्यांनी नेहमीइतके पाणी घेतलेच पाहिजे. फक्त त्यातून चेहरा तुकतुकीत होईल ही अपेक्षा ठेवू नये.

दमट हवेतून एकदम कोरड्या हवेत जाण्याचा परिणाम वेगळाच असतो, हे उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसले आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात काही उंदरांना ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत ठेवून नंतर १० टक्क्यांहून कमी आर्द्रतेत हलवण्यात आले. त्यांच्या त्वचेतून बाहेर पडणारे पाणी काही पटींनी वाढले आणि ते पूर्ववत व्हायला काही दिवस लागले. सर्वसाधारण आर्द्रतेतून कोरड्या हवेत गेलेल्या उंदरांवर तेवढा परिणाम झाला नाही. माणसाची त्वचा उंदराच्या त्वचेहून वेगळी आहे, आणि उड्डाण काही आठवडाभर चालत नाही. तरीही पावसाळ्यात कोकणपट्टीतून निघणाऱ्याने त्वचेची काळजी विमानात बसण्यापूर्वीच घेतली पाहिजे, असे मला यावरून वाटते.

ती घ्यायची कशी? पाणी आत बांधून ठेवणारे द्रव्य आणि वरून झाकण घालणारे द्रव्य, अशी दोन्ही हवीत. ग्लिसरीन, युरिया आणि हायल्युरॉनिक आम्ल ही पहिल्या प्रकारातली. कोरड्या हवेत ती एकटी लावली तर ती खालच्या थरांतले पाणी वर खेचतात आणि ते उडून जाते, म्हणून नुसते सीरम विमानात कामाचे नाही. पेट्रोलियम जेली, मेण आणि डायमेथिकोन (एक प्रकारचे सिलिकॉन) ही दुसऱ्या प्रकारातली. पाण्याची वाट अडवण्यात पेट्रोलियम जेली आजही भल्या महागड्या क्रीमना मागे टाकते. निघण्याआधी हात-पाय-तोंड धुऊन, त्वचा किंचित ओलसर असतानाच दाटसर क्रीम लावावे आणि उड्डाणाच्या मध्यावर पुन्हा एकदा लावावे. चेहऱ्यावर पाण्याचा फवारा मारण्याने घटकाभर गार वाटण्यापलीकडे काही साधत नाही. सीटवर बसून चेहऱ्याला कागदी मास्क लावण्याची जी नवी हौस आहे, तिचाही लाभ मास्क काढल्यावर लगेच वरून क्रीम लावले तरच होतो.

घरगुती तेलांना या हिशेबात जागा आहे. कोरड्या त्वचेवर खोबरेल तेल खनिज तेलाइतकेच उपयोगी पडते, असे फिलिपिन्समधल्या एका चाचणीत आढळले होते. केबिनमधल्या तापमानाला ते अनेकदा थिजते, एवढीच काय ती अडचण. कोकण-गोव्यात टाचांच्या भेगांवर आणि फुटलेल्या ओठांवर लावले जाणारे कोकमतेल तर नेहमीच्या तापमानाला घट्टच असते, त्यामुळे ते पिशवीत सांडण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र ब्लँक यांचा धडा इथे लागू पडतो. तेल स्वतः त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी राखते, म्हणून तेही ओलसर त्वचेवरच लावावे.

ओठांचा मृत थर पातळ असतो आणि तिथे तैलग्रंथी जवळजवळ नसतात. ओठांवरून जीभ फिरवली की लाळ सुकताना आणखी पाणी घेऊन जाते आणि तिच्यातील विकरे (एन्झाइम) त्वचेला चुरचुरवतात. हातांच्या बाबतीत प्रसाधनगृहातला साबण वारंवार वापरणे त्वचेतील स्निग्ध द्रव्ये धुऊन काढते. हात दिसायला मळलेले नसतील तर ग्लिसरीन असलेले सॅनिटायझर त्यापेक्षा सौम्य पडते.

दिवसाच्या प्रवासात खिडकीशी बसणाऱ्याने सनस्क्रीन लावावे का, हा प्रश्न नेहमी येतो. प्रवाशांच्या खिडक्यांचे प्लास्टिक त्वचा भाजणारे अतिनील-बी किरण जवळजवळ पूर्ण अडवते, तर अतिनील-ए किरण किती अडतात हे त्या प्लास्टिकच्या प्रकारावर ठरते. इतक्या उंचीवर ढग खाली राहतात आणि किरणांची तीव्रताही अधिक असते, तेव्हा ऊन अंगावर येत असेल तर पडदा खाली ओढणे हा सर्वांत सोपा उपाय. रात्रीच्या विमानात सनस्क्रीन अनावश्यक आहे.

२००६ पासून बहुतेक विमानतळांवर केबिन बॅगेतील द्रवांच्या डब्यांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आहे, आणि क्रीमही त्यातच धरले जाते. केबिनचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या तीन-चतुर्थांश इतका उतरत असल्याने अर्ध्या रिकाम्या ट्यूबमधली हवा सुमारे एक-तृतीयांशाने फुगते आणि झाकण उघडताच मलम बाहेर उसळते. ट्यूब दाबून आधीच हवा काढून टाकावी.

खरी कसोटी मात्र पुष्कळदा उतरल्यावर सुरू होते. मुला-नातवंडांकडे हिवाळ्यात अमेरिकेला जाणारे आई-वडील कोरड्या विमानातून उतरून थेट कोरड्या घरात जातात, कारण बाहेरची गोठलेली हवा तापवून आत आणली की तिची आर्द्रता २० ते ३० टक्क्यांपर्यंत सहज उतरते. वयानुसार त्वचेतील स्निग्ध द्रव्ये आधीच कमी झालेली असतात, त्यात थंडीमुळे कढत पाण्याने लांबलचक अंघोळ होते, आणि आठवड्याभरात नडग्यांवर लालसर भेगांचे जाळे दिसू लागते. अशा घरात ह्युमिडिफायर उपयोगी पडतो, पण आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर नेऊ नये, नाहीतर थंड खिडक्यांवर पाणी साचून बुरशी धरते. अंघोळ कोमट पाण्याने आणि आटोपशीर करावी, साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता ठेवावा, अंग टिपल्यावर काही मिनिटांतच क्रीम लावावे. एक्झिमा किंवा सोरायसिस असणाऱ्यांनी आपले नेहमीचे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीसह केबिन बॅगेत ठेवावे. मोठी बॅग मागे राहिली, तर परक्या देशात तेच मलम मिळवायला आधी तिथल्या डॉक्टरची वेळ मिळवावी लागते.