मुलांची ऑनलाईन ट्युशन: आम्ही काय विचारतो, काय विचारत नाही आणि घरी तुम्ही काय बघायचं

नवीन बॅच सुरू व्हायच्या आधी हे पत्रक प्रत्येक पालकाला देतोय, जुन्या पालकांना पण. जरा लांब झालंय, पण बाजूला ठेवू नका, चहा घेता घेता एकदा वाचाच, आणि जमलं तर मुलाला शेजारी बसवून वाचा.

आमचं ट्युशन गोव्यातल्या साखळी शहरातून चालतं आणि मुलं डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा अशी सगळीकडची आहेत. सुरुवात झाली २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, तेव्हा सत्तरीतली मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसायची आणि पाऊस आला की मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गणितं सोडवायची. क्लास एकदाचा चालू होतोय हेच तेव्हा खूप वाटायचं, त्यामुळे लिंक सरळ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो, ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसायचे आणि त्यातला कुठला नंबर कुणाचा हे आम्हाला पण धड माहीत नसायचं.

आमची चूक

तीन वर्षांपूर्वी दहावीचा निकाल लागला आणि आम्ही बॅनर लावला. मुलांचे फोटो, पूर्ण नाव, टक्के, शाळा आणि गाव, कारण गावातल्या लोकांना बरं वाटतं. तेच इन्स्टावर पण टाकलं. आठवडाभरात एका मुलीच्या आईचा फोन आला. कुणीतरी मुलीला मेसेज करत होता, आधी काँग्रॅट्स, मग माझी बहीण तुमच्याच शाळेत होती, मग तू अमुक वाड्यावरची ना, देवळाच्या मागे घर. मुलगी घाबरून दोन दिवस धड जेवली नव्हती आणि घरी सांगायला पण लाजत होती, आईला वाटलं पेपर संपल्याचा थकवा आहे. त्या माणसाला फारसं काही शोधावंच लागलं नव्हतं हो, फोटो, नाव, शाळा, गाव सगळं आम्हीच छापून दिलेलं. त्याच संध्याकाळी बॅनर उतरवला, पोस्ट काढली, त्या आईसोबत पोलीस स्टेशनला गेलो आणि घरी जाऊन माफी मागितली. ते घर आजही आमच्याशी बोलतं हा त्यांचा मोठेपणा.

तेव्हापासून बॅनर बंद. निकालाच्या दिवशी टीचर प्रत्येक घरी फोन करतात, तेवढंच. "मग ॲडमिशन कशा येणार" असं काही जण विचारतात. कमी येतात थोड्या, चालतंय.

फॉर्ममध्ये काय विचारतो

मुलाचं नाव, वय, यत्ता, मीडियम, कुठला विषय जड जातो, आणि पालकाचा मोबाईल नंबर. बस्स. आधार कार्ड मागत नाही, जन्मतारीख नाही, घराचा पत्ता नाही, फोटो नाही, मुलाचा स्वतःचा नंबर तर अजिबात नाही. दुसऱ्या कुठल्या क्लासने किंवा ॲपने आधारची झेरॉक्स मागितली तर कशाला पाहिजे हे विचारा, विचारण्यात कमीपणा काही नाही. द्यायलाच लागलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात नंबरचे शेवटचे चार आकडेच दिसतात आणि ते आधारच्या वेबसाईटवरून फुकट डाऊनलोड होतं.

मार्कांची यादी ग्रुपवर टाकत नाही. प्रत्येकाचे मार्क त्याच्या त्याच्या पालकाला. मुलाचं नाव आणि मार्क कुठल्या एआय चॅटबॉटमध्ये टाकून रिपोर्ट बनवायचा नाही हे टीचर लोकांना पण सांगून ठेवलंय, कारण एकदा तिकडे गेलेलं परत काढणं आपल्या हातात नसतं.

कायद्याचं थोडक्यात

डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट, म्हणजे लोकांची खाजगी माहिती जपायचा कायदा, २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. आम्ही मुदत संपायची वाट बघत बसणार नाही, आतापासूनच त्याप्रमाणे चालतोय. त्यात मुलांचं म्हणून जे आहे ते कलम ९ मध्ये. १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल, म्हणजे बारावीचा मिशी फुटलेला मुलगा पण मूलच. ॲपवर जे "वय १३ पूर्ण" असं विचारतात ते अमेरिकेच्या कायद्यावरून आलेलं आहे, आपल्याकडे १८. मुलाची माहिती घ्यायची तर आई-वडिलांची संमती पाहिजे आणि संमती देणारा खरंच पालक आहे का याची खातरजमा करायची जबाबदारी माहिती घेणाऱ्यावर. मुलाला डोळ्यासमोर ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, तो काय बघतो काय करतो याचा माग ठेवायचा नाही. शिक्षण संस्थांना यात थोडी सूट आहे पण ती अभ्यासापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती, हजेरी घेणं वेगळं आणि मूल रात्री किती वाजेपर्यंत ऑनलाईन असतं ते बघणं वेगळं. मुलांच्या बाबतीतले हे नियम मोडले तर दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो, माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत.

संमतीच्या बाबतीत आपल्या गोव्याची एक खास अडचण आहे. कितीतरी मुलांचे वडील तारवटी, बोटीवर, नाहीतर गल्फमध्ये, आई नोकरीला आणि घरी आजी. आजीने फॉर्मवर ओके दाबून चालत नाही. म्हणून आम्ही आई किंवा वडील, ज्यांना जमेल त्यांना व्हिडिओ कॉल करतो, बोट बंदराला लागेपर्यंत थांबायला लागलं तरी थांबतो, तोपर्यंत मूल क्लासला बसेल पण रेकॉर्डिंग बंद राहणार. (आजींचा राग नको, आमच्या निम्म्या क्लासवर त्यांचंच लक्ष असतं आणि ते आम्हाला हवंच आहे.)

क्लासमध्ये काय काय बदललंय

प्रत्येक क्लासची लिंक वेगळी. वेटिंग रूम चालू असते, यादीतलं नाव दिसल्याशिवाय टीचर आत घेत नाहीत, त्यामुळे "रेडमी नोट" किंवा "मम्मी" असल्या नावाने कुणी आलं तर बाहेरच राहील, मुलाचं नुसतं पहिलं नाव आणि यत्ता लिहा. मुलांची आपापसातली प्रायव्हेट चॅट बंद. ग्रुपच्या जागी व्हॉट्सॲप कम्युनिटीचा अनाउन्समेंट ग्रुप केलाय, तिथे एका पालकाचा नंबर दुसऱ्या पालकाला दिसत नाही.

कॅमेऱ्याची सक्ती नाही. काही पालकांना हे आवडत नाही, कॅमेरा बंद असला की मूल झोपतं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण आम्ही बघितलंय ते सांगतो. चवथीच्या आदल्या दिवशी क्लास होता, एक मुलगा बाहेरच्या खोलीत बसलेला, मागे काका नुसत्या टॉवेलवर, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं बांधतायत, भिंतीवर शाळेचं सर्टिफिकेट, खिडकीतून समोरचा बार आणि त्याचा बोर्ड स्पष्ट वाचता येतो. वीस मुलांच्या स्क्रीनवर ते घर उघडं पडलेलं. मूल जागं आहे का ते टीचर नाव घेऊन प्रश्न विचारून बघतात. कॅमेरा लावायचाच असेल तर मागे कोरी भिंत असूदे, अंगावर शाळेचा युनिफॉर्म नको कारण बॅजवर शाळेचं नाव असतं.

रेकॉर्डिंगमध्ये फक्त टीचरची स्क्रीन आणि आवाज, मुलांचे चेहरे नाहीत. ३० दिवसांनी डिलीट. ज्यांना रेकॉर्डिंग नकोच त्यांनी कळवा, त्या मुलाच्या शंका रेकॉर्डिंग थांबवून घेऊ.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, यात आम्ही कुणालाच सूट देत नाही. आमचा कुठलाही सर किंवा टीचर तुमच्या मुलाशी एकट्याने, तुमच्या नजरेआड बोलणार नाही. एकट्याची शंका असेल तर त्या कॉलची लिंक पालकाच्याच फोनवर येते, दार उघडं ठेवायचं, आणि आमच्याकडून दुसरी टीचर पण कॉलवर असते. इन्स्टा, स्नॅपचॅट, गेमची चॅट यावर टीचरने मुलाला ॲड करायचं नाही आणि मुलाने पाठवलेली रिक्वेस्ट घ्यायची नाही, वाढदिवसाचा मेसेज पण पालकाच्या नंबरवर. नवीन माणूस घेताना पोलिसांचं क्लियरन्स सर्टिफिकेट बघतो आणि आधी जिथे शिकवत होता तिथे फोन करून विचारतो. तरीसुद्धा सर्टिफिकेटवर विसंबून राहू नका, मागे गुन्हा नाही एवढंच ते सांगतं.

घरचा फोन

बहुतेक मुलं आईच्या फोनवरून बसतात. परवा एक मुलगी वहीतलं उत्तर दाखवायला म्हणून स्क्रीन शेअर करत होती आणि वरून आईच्या बँकेचा ओटीपी सरकत आला, पाठोपाठ पॅथॉलॉजी लॅबचा मेसेज, आईच्या नावासकट. टीचरनी लगेच शेअरिंग बंद केलं. क्लासच्या आधी डू नॉट डिस्टर्ब लावा, एवढं रोजचं करा. वहीचा फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणूनच पाठवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फोटो कुठे काढला ते लोकेशन फाईलसोबत जाऊ शकतं. आणि फीची लिंक आम्ही कधीच पाठवत नाही. ट्युशनमधून बोलतोय, आज भरली तर डिस्काउंट, असा फोन आला तर ठेवून द्या आणि आमच्या नेहमीच्या नंबरवर विचारा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके ते परत मिळणं कठीण.

काही खटकलं तर

मुलाला फसवणारा माणूस पहिल्याच दिवशी काही घाणेरडं बोलत नाही. तो आधी चांगला असतो, कौतुक करतो, पेपरमध्ये काय येणार ते सांगतो म्हणतो, गेमसाठी रिचार्ज मारून देतो. मग दुसऱ्या ॲपवर ये म्हणतो, मग "हे आपल्यातच ठेव, मम्मीला कळलं तर फोन काढून घेईल", आणि त्यानंतर फोटो मागतो. हे "आपल्यातच ठेव" आलं की समजायचं. तुमच्या लक्षात येईल ते वेगळंच असतं, तुम्ही खोलीत गेलात की मूल फोन उलटा ठेवतं, एखाद्या सरचं नाव काढलं की चिडतं, आवडता क्लास एकदम नको म्हणतं.

तेव्हा ओरडू नका, प्लीज. फोन काढून घेऊ नका, त्या माणसाने नेमकं तेच होणार म्हणून मुलाला घाबरवून ठेवलेलं असतं. "बरं केलंस सांगितलंस" हे आधी म्हणा. चॅट डिलीट करू नका, मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, पण मुलाचा तसला फोटो असेल तर त्याचा स्क्रीनशॉट नको आणि तो पुरावा म्हणून कुणालाही फॉरवर्ड करू नका, नातेवाईकांना नाही आणि आम्हाला पण नाही. तसले फोटो पाठवणं आयटी ॲक्टच्या कलम ६७ बी खाली गुन्हा आहे. फोन आहे तसा घेऊन पोलिसांकडे जा. चाइल्डलाइन १०९८ आहे, तातडीचं असेल तर ११२, रायबंदरला सायबर क्राईम पोलीस स्टेशन आहे, आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर मुलांवरच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देता पण करता येते. फोटो कुठेतरी फिरेल अशी भीती असेल तर टेक इट डाऊन नावाची फुकट सेवा आहे, १८ खालच्या मुलांसाठी, तिथे फोटो द्यायला लागत नाही, तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक कोड तयार होतो आणि यात सामील असलेल्या कंपन्या त्या कोडवरून फोटो ओळखून काढतात.

तक्रार आमच्या माणसाबद्दल असेल तर आम्हाला सांगाच, पण आमच्यासाठी थांबू नका. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा २०१२ चा कायदा, त्यात असा गुन्हा माहीत असून कळवला नाही तर न कळवणं हाच गुन्हा धरतात, संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे "आपण आत बसून मिटवूया" असं आम्ही कधी म्हणालो तर ते ऐकू नका. मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी गोव्याचा स्वतःचा २००३ चा चिल्ड्रन्स ॲक्ट आहे आणि वेगळं चिल्ड्रन्स कोर्ट आहे, त्यामुळे मुलाला मोठ्यांच्या कोर्टात उभं करतील या धास्तीने गप्प राहू नका.

माहिती काढून टाकायची असेल तर

एक मेसेज पुरे, "आमच्या मुलाची माहिती काढा". कारण द्यायला नको, फी बाकी असली तरी चालेल. सात दिवसांत फॉर्म, मार्क आणि पालकाचा नंबर काढून तसं कळवतो, फक्त फीची पावती हिशोबासाठी ठेवावी लागते आणि तिच्यावर पालकाचं नाव असतं, मुलाचं नाही. आमच्याकडून माहिती फुटली तर ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी तुम्हाला फोन येईल, काय गेलं ते सरळ सांगणार.

२०२३ च्या आधीच्या बॅचच्या पालकांना एक विनंती. तुमच्या मुलांचे बॅनरवाले फोटो आमच्याकडून काढलेत, पण तेव्हा तुम्ही किंवा नातेवाईकांनी शेअर केलेल्या पोस्ट अजून फेसबुकवर असतील. आज रात्री मुलाचं पूर्ण नाव आणि शाळेचं नाव टाकून एकदा सर्च करून बघा, सापडलं तर काढा, आणि काढता येत नसेल तर शनिवारी दुपारी चार नंतर फोन घेऊन ऑफिसला या, आमची मुलं बसून करून देतील.