बॅटमोबिल (१९६६)

‘बॅटमॅन’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेसाठी जॉर्ज बॅरिस (१९२५–२०१५) यांच्या लॉस एंजेलिसमधील गॅरेजात घडवलेली मोटारगाडी. एबीसी वाहिनीवर १२ जानेवारी १९६६ ते १४ मार्च १९६८ या काळात मालिकेचे १२० भाग दाखवले गेले. कॉमिक्समध्ये बॅटमॅनच्या गाडीला ‘बॅटमोबिल’ हे नाव १९४१ सालीच मिळाले होते. आज मात्र हे नाव घेताच अनेकांच्या डोळ्यांपुढे येते ती हीच काळी, तांबूस-केशरी कडांची, लांबलचक उघडी गाडी.

बॅरिस यांनी ही गाडी मुळापासून बांधली, हा समज खरा नाही. तिचा सांगाडा आणि बरेचसे रूप ‘लिंकन फ्यूचुरा’ या गाडीचे आहे. फोर्ड कंपनीच्या लिंकन विभागाने ती १९५५ साली केवळ प्रदर्शनात मांडण्यासाठी बनवली. आराखडा बिल श्मिट व जॉन नजार यांचा. बॉडी इटलीतील तुरीन येथे गिया या कारखान्याच्या कारागिरांनी हाताने ठोकून घडवली. खर्च सुमारे अडीच लाख डॉलर सांगितला जातो. चालक आणि सोबत्याच्या डोक्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन घुमट होते. घुमट मिटले की बाहेरचे काही ऐकू येत नसे, म्हणून मागून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न टिपायला डिकीवर मायक्रोफोन बसवला होता. मूळचा मोतिया पांढरा रंग कॅमेऱ्यात नीट उठत नाही, म्हणून १९५९ च्या एका विनोदी चित्रपटासाठी तिला लाल रंग दिला गेला. नंतर ती बॅरिस यांच्याकडे धूळ खात पडली होती. फोर्डने त्यांना ती नावापुरत्या एका डॉलरला विकून टाकली.

मालिकेच्या गाडीचे काम आधी गाड्या घडवणारे दुसरे कारागीर डीन जेफ्रीज यांच्याकडे होते. १९५९ च्या कॅडिलॅकवर त्यांनी सुरुवातही केली होती. स्टुडिओला गाडी ठरल्यापेक्षा लवकर हवी झाली आणि काम बॅरिस यांच्याकडे गेले. हाताशी जेमतेम तीन आठवडे होते. एवढ्या वेळात नवी बॉडी उभी राहणे शक्य नव्हते, आणि फ्यूचुराचे मागचे उंच पंख मुळातच वटवाघळाची आठवण करून देणारे होते. त्यामुळे निवड सोपी झाली. पत्र्याचे बरेचसे काम बिल कुशेनबेरी यांनी केले, हे श्रेयाच्या गर्दीत सहसा विसरले जाते. बॉनेटचे टोक ठोकून पुढे वटवाघळाचा चेहरा काढला, पंखांच्या कडा थेट दारांपर्यंत आणल्या, चाकांवरचे पत्रे कापून मोकळे केले. घुमटांचा वरचा भाग काढून टाकल्याने नायकांना उडी मारून आत बसता येऊ लागले.

मागच्या बाजूला ज्वाळा ओकणारा ‘टर्बाइन’ म्हणजे रंगाचा रिकामा डबा वापरून केलेली नळी. जागच्या जागी गाडी वळवण्यासाठी मागे दोन पॅराशूट, पुढे नाकातून बाहेर येणारे साखळी कापायचे पाते आणि आत बॅटफोन. बहुतेक बटणांवर ठळक अक्षरांत त्यांची नावे लिहिलेली होती. मालिकेची थट्टा तिथेच होती: गुप्त शस्त्रे, पण प्रत्येकावर पाटी.

यंत्र म्हणून गाडी तशी त्रासदायकच निघाली. इंजिन तापे, बॅटऱ्या उतरत, टायर फुटत. जुने इंजिन व गिअरबॉक्स शेवटी काढून फोर्ड गॅलक्सीचे बसवावे लागले. गावोगावच्या प्रदर्शनांसाठी बॅरिस यांनी गॅलक्सीची चेसिस लांबवून फायबरग्लासच्या तीन प्रतीही केल्या.

बॅरिस यांचे खरे कसब पत्र्यापेक्षा व्यवहारात दिसते. गाडी त्यांनी स्टुडिओला विकली नाही, भाड्याने दिली. जवळपास अर्धे शतक मालकी त्यांच्याकडेच राहिली. १९ जानेवारी २०१३ रोजी अ‍ॅरिझोनातील स्कॉट्सडेल येथे बॅरेट-जॅक्सन लिलावात ती ४२ लाख डॉलरला गेली. लिलावाचे शुल्क धरून ४६.२ लाख.

गाडीची मालकी एकाची असली तरी तिच्या रूपावर हक्क कुणाचा, हा वाद पुढे न्यायालयात गेला. कॅलिफोर्नियातील एक जण १९६६ च्या मालिकेतील आणि १९८९ च्या चित्रपटातील बॅटमोबिलच्या हुबेहूब प्रती बनवून विकत होता. बॅटमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या डीसी कॉमिक्सने त्याच्यावर दावा लावला. २३ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या नवव्या सर्किट (विभागीय) अपील न्यायालयाने डीसीच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाच्या मते बॅटमोबिल ही नुसती वस्तू नसून कथेतील पात्रासारखी स्वतंत्र ओळख असलेली निर्मिती आहे. तिला दिसणारे रूप आणि गुण आहेत, ती जिथे येते तिथे ओळखू येते आणि तिच्यात वेगळेपण आहे. म्हणून कॉपीराइटचे संरक्षण तिला मिळते. दूरचित्रवाणी मालिका दुसऱ्यांनी काढली, हा बचावही टिकला नाही, कारण मूळ कॉमिक्सवरचे डीसीचे हक्क त्यामुळे संपत नाहीत. फ्यूचुराचे पंख ज्यांनी रेखाटले, त्या श्मिट-नजार यांच्या वाट्याला या सगळ्यात काहीच आले नाही. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि अपील न्यायालयाचा निकाल कायम राहिला.