बस लागते ती कानामुळे

मे महिना आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश हमखास फिरतो: 'घाटात उलटी होते? पोटाला वर्तमानपत्र गुंडाळा, शंभर टक्के गुण.' यंदा कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना माझ्या नऊ वर्षांच्या भाचीच्या पोटाला खरंच पेपर गुंडाळला. मलकापूर मागे पडलं तशी ती गप्प झाली, आंबा घाटात पांढरीफटक पडली आणि साखरपा येईपर्यंत तीनदा ओकली. त्या पोरीचे हाल पाहिले तेव्हाच ठरवलं की यावर लिहायचं.

उलटी पोटातून येते, म्हणून आपण पोटावर उपाय करतो. पण बस लागण्याचं मूळ आहे आतल्या कानात. तिथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात. त्यांत द्रव भरलेला असतो आणि प्रत्येकीच्या फुगीर टोकाशी सूक्ष्म केसांच्या पेशींवर जेलीसारखा एक पडदा उभा असतो. चहाचा पेला हातात धरून गर्रकन फिरवा. पेला फिरतो, वर तरंगणारी चहाची पत्ती मात्र जागच्या जागी राहते. बस वळली की कानातही हेच होतं: नलिका डोक्याबरोबर वळते, द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो, पडदा वाकतो, केस झुकतात आणि मेंदूला निरोप जातो, 'उजवीकडे वळतोय'. फिरणं एकाच वेगाने चालू राहिलं तर काही सेकंदांत द्रवही नलिकेचा वेग गाठतो आणि पडदा हळूहळू सरळ होतो. आता आपण फिरत असूनही निरोप बंद. मग थांबलो, की द्रव पुढे धावत राहतो आणि पडदा उलट बाजूला वाकतो. फुगडी सोडल्यावर अंगण गरगरतं ते यामुळेच. घाटात ही वळणं डावी-उजवी एकापाठोपाठ येतात. त्यात बाटली काढायला डोकं खाली घातलं, तर एका नलिकेचा निरोप संपायच्या आत दुसरीचा सुरू होतो.

या नलिकांच्या शेजारीच कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात. खडू आणि अंड्याचं कवच ज्या पदार्थाचं, त्याचेच. चढ-उतार आणि सरळ रेषेतला वेगबदल ते टिपतात. दर पाच-सहा सेकंदांनी एक हेलकावा, असा संथ झोका सर्वांत जास्त मळमळवतो. चालताना सेकंदाला दोनेक हिसके बसतात, त्याने काही होत नाही, होडीत होतं.

कानाचे हे सगळे निरोप आणि डोळ्यांना दिसणारं, दोन्ही मेंदू 'आता काय व्हायला हवं' या स्वतःच्या अंदाजाशी ताडून पाहतो. तफावत वाढत गेली की मळमळ सुरू होते. ड्रायव्हरला बस सहसा लागत नाही, कारण स्टिअरिंग वळवायच्या आधीच त्याच्या मेंदूला वळण ठाऊक असतं. अंध माणसालाही बस लागू शकते. पण दोन्ही आतले कान निकामी असलेल्यांना लागत नाही: १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी अशा माणसांना वादळी समुद्रात जहाजावर नेलं, तिथे इतर लोक आजारी पडले आणि यांना काहीच झालं नाही. तफावतीचा शेवट उलटीतच का व्हावा? ट्रिझमन या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये एक तर्क मांडला: इंद्रियांचा असा घोळ निसर्गात बहुधा विषबाधेत होतो, म्हणून मेंदू पोट रिकामं करायला लावतो. तर्क सिद्ध झालेला नाही, पण मला तो फार आवडतो.

आता घरगुती उपायांतल्या आल्याकडे वळू. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ३६ जणांना फिरत्या खुर्चीत बसवलं, तेव्हा सुंठेची पूड घेतलेल्यांनी नेहमीच्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त वेळ तग धरला. डॅनिश नौदलाच्या प्रशिक्षणार्थींवरच्या प्रयोगात सुंठेने उलट्या कमी झाल्या. नंतरच्या काही प्रयोगांत मात्र फरक दिसला नाही. माझं मत असं, की आलं पोटाचं बंड थोडं शमवतं, कानापर्यंत त्याची मजल जात नाही. निघण्याच्या अर्धा तास आधी आलेपाकाची वडी खायला काहीच हरकत नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. पोटावरचा पेपर, गाडीखाली लोंबणारी साखळी, खिशातला कांदा यांचा मात्र कानातल्या द्रवाशी काडीचाही संबंध नाही.

गोळी घ्यायची तर निघण्याच्या तासभर आधी. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते किंवा उलटीत बाहेर येते. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नयेत. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन (अशा काही गोळ्यांतलं औषध) देऊच नये. त्या वयात बस क्वचितच लागते.

पुढची जागा, उघडी खिडकी, डोकं सीटच्या पाठीला टेकवलेलं, नजर लांबच्या डोंगरावर. मोबाइल बंद. निघताना पोट अगदी रिकामं नको आणि मिसळ-वडे खाऊन तट्टही नको. भाकरी किंवा मऊ भात पुरे.

तरी उलटी झालीच, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. दहा मिनिटं थांबून घोट-घोट द्या. आमच्याकडे आख्खी बाटली एकदम पाजली, पोट ताणलं गेलं आणि तिसरी उलटी झाली ती त्यानंतरच.